काढून टाकलेल्या चार ओळी

नाना सोनवणे भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते. मी गोड बोलत बोलत मुद्द्यावर येणारी बाई नाही, आणि नानांविषयी कोणी ‘सावध स्वभावाचे गृहस्थ’ वगैरे म्हणायला लागलं की माझं डोकं सणकतं. सावध कसले? कुत्र्याला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, खाकी कपडे घातलेल्या कुणालाही भ्यायचे, त्यात कुरियरवालासुद्धा आला. ऑफिसचा फोन वाजला की आधी माझ्याकडे बघायचे आणि मग फोनकडे, जसा काही तो मीच वाजवलाय. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला ‘ताई’ म्हणायचे. बहुतेक माझ्या तोंडाच्या भीतीने.

जळगावात आमचं तीन माणसांचं ऑफिस. खाली ललितभाऊंच्या वडिलांचं कापडाचं दुकान, वर पत्र्याखाली आम्ही. ललितभाऊ मालक, मी प्रोग्राम लिहिणारी, आणि नाना. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे, धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले. ललितभाऊ त्यांचे विद्यार्थी. “सर, घरी बसून काय करता, इकडे या,” म्हणून त्यांनीच नानांना आणलं. पहिल्या दिवशी नाना जिना चढून आले ते पायरीपायरीवर थांबत, आणि वर आल्यावर नमस्काराच्याही आधी म्हणाले, “कठडा हलतोय. कोणी पडायच्या आत बसवून घ्या.” आम्ही हसलो. पुढे तो कठडा ललितभाऊंना घेऊनच खाली आला, ते सोडा.

मला चमत्कारिक वाटायचं ते हे, की भ्यायची त्यांना लाज नव्हती. आपण सगळेच भितो आणि लपवतो. नाना सरळ सांगायचे, “माले भेव लागस.” भूक लागली म्हणावं तितक्या साधेपणाने. एरवी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, भीती वाटली की अहिराणीवर यायचा. एकदा मी चिडून विचारलं, “नाना, इतकं भिऊन माणूस जगतो कसा?” तर म्हणाले, “भेव शे तं जीव शे, ताई.” आणि खाली वाकून माझ्याच टेबलाखालची वायर हाताने चाचपून बघितली, गरम तर झाली नाही ना म्हणून.

आता त्यांच्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम लिहायची एक भाषा आहे. जगभर वापरतात, मीही वापरते, नाव काय ते राहू दे. भाड्याचं घर घेतलं की नळ, दिव्याची बटणं, खिडकीच्या कड्या आधीच बसवलेल्या असतात ना, तसं या भाषेसोबत पुष्कळ सामान आयतं मिळतं. त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. ते सामान देशोदेशीची माणसं फुकट, हौसेने तयार करतात आणि एकमेकांचं काम तपासतात. त्या माणसांत आमचे नाना होते. शिंदखेड्याकडचा हा घाबरट मास्तर, आणि त्याने लिहिलेल्या ओळी कुठकुठल्या देशांतल्या मशीनवर चालायच्या. परदेशातून त्यांना पत्र आलं की ते खुर्चीतून उठून उभ्याने वाचायचे. बसून वाचायची हिंमत नव्हती म्हणे.

त्यांचा विषय एकच, रँडम आकडे. कोणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे. बँकेच्या कामापासून मोबाइलच्या कुलपापर्यंत सगळं या आकड्यांवर उभं असतं. मला हे कॉलेजात शिकवलं होतं, पण समजलं ते नानांकडून, असोद्याच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत. हिवाळा होता, काट्यांवर वांगी भाजायला टाकली होती आणि नाना जाळापासून चांगले वीस पावलं लांब बसले होते. तिथूनच ओरडून म्हणाले, “ताई, आता उडेल ती ठिणगी कोणीकडे जाईल, सांग.” मी म्हटलं, “ते कोण सांगणार?” “तेच. कॉम्प्युटरच्या नव्या चिपमध्ये असंच होत असतं. आत उष्णतेने बारीक बारीक चुळबुळ चालते, कोणाच्या बापाला तिचा अंदाज येत नाही. चिप ती चुळबुळ मोजते आणि तिचा आकडा करून देते. आपण फक्त म्हणायचं, दे.” मग जरा थांबून म्हणाले, “पण ती चिप आपली कोण लागते? ती देईल ते खरं कशावरून?”

ललितभाऊ म्हणाले, “सर, भरीत खा.”

रोज सकाळी मशीन सुरू झालं की नाना चिपकडून चार आकडे मागायचे आणि एका वहीत शाईने उतरवून ठेवायचे. लांबच्या लांब आकडे, वीस वीस अंकी. वेगळे आहेत ना, एवढंच बघायचं. चहावाल्या गोकुळने ती वही पाहिली आणि झालं, गल्लीत बभ्रा की वरचे मास्तर मटका लावतात. “नाना, आज ओपनला काय येऊन राहिलं?” असं तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा. नानांची झोप उडाली. पोलीस येतील, निवृत्तीवेतन थांबेल, काय काय मनात आणलं. शेवटी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हा सट्टा नाही.’ त्यामुळे तर गोकुळची खात्रीच पटली.

चिपकडून आकडा मागायची जी सूचना असते, तिला त्या भाषेच्या लायब्ररीत जागा करून द्यायचं काम नानांनी अंगावर घेतलं होतं. वर्षभर त्यावरच बसले होते. ती सूचना अशी, की चिप आकडा देते आणि सोबत सांगते, ‘हो, मिळाला’ किंवा ‘नाही, जमलं नाही.’ नाही म्हणाली तर नानांचा प्रोग्राम पुन्हा मागायचा, दहा वेळा. तरी नाहीच म्हणाली तर चिपचा नाद सोडून दुसरीकडून आकडा आणायचा. हे सगळं तपासनिसांना पसंत पडलं. पण नानांनी शेवटी चार ओळी जास्तीच्या घातल्या होत्या. चिप ‘हो’ म्हणाली, पण आकडा मागच्यासारखाच दिला, तर? तर तो घ्यायचा नाही, चिपवर विश्वास ठेवायचा नाही.

तिकडून उत्तर आलं. नाना उभे राहिले, वाचलं, आणि बसले. एकाने लिहिलं होतं की एवढा लांब आकडा दोनदा लागोपाठ येणं आयुष्यात घडायचं नाही, आणि चिप ‘हो’ म्हणाली की हो. दुसऱ्याने लिहिलं, काम उगाच जड होतंय, एवढी कसली भीती, आणि पुढे हसणारा चेहरा काढला होता.

“ताई, जरा इंग्रजीत लिहून दे,” नाना म्हणाले. “म्हणावं, मला भीती वाटते.”

“भीती वाटते हे कारण झालं का, नाना? असं कधी घडलंय का कुठे? दाखवा.”

“घडलेलं माहीत नाही. घडेल असं वाटतं.”

“मग काढून टाका. वर्षभराचं काम चार ओळींसाठी अडवून ठेवणार का? जग हसतंय तुम्हाला.”

हे मीच बोलले, ते लपवत नाही. नानांनी त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग मान हलवली. मी लिहिलं, ‘मान्य आहे, काढून टाकतो.’ पाठवायचं बटण त्यांनी दाबलं नाही, त्यांचा हात तसाच वर राहिला. ते मी दाबलं. आठवड्याभरात काम मंजूर झालं, लायब्ररीच्या यादीत नानांचं नाव लागलं, ललितभाऊंनी पेढे वाटले. सगळे म्हणाले, नाना, आता तरी भ्यायचं सोडा. नानांनी पेढा घेतला, खोक्यावरची तारीख विचारली आणि मग खाल्ला.

त्याच सुमाराला आम्हाला धुळ्याच्या एका आसराघराचं काम मिळालं. घर सोडून आलेल्या बायका तिथे राहतात. तिथल्या प्रमुखांना सगळे अक्का म्हणतात. काही बायकांना त्या गुपचूप दुसऱ्या गावी खोली करून देतात, काम लावून देतात. अशा प्रत्येकीची एक फाइल, ती मोबाइलवर एका लिंकने उघडायची. लिंकमध्ये फाइलचा नंबर आणि त्याला जोडून चिपने दिलेला लांब आकडा. नंबर कोणीही ओळखेल, आकडा कोणाला ओळखता येणार नाही, म्हणून फाइल सुरक्षित. हा प्रोग्राम माझा. आकडा मागणारा भाग लायब्ररीतला, म्हणजे नानांचा.

आणि हे सगळं चालायचं एका लॅपटॉपवर. हसू नका. मोठं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, वीज कधी जाईल नेम नव्हता, आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. त्यात जळगावचा उन्हाळा. पत्र्याखाली दुपारी हात ठेववत नाही इतकं टेबल तापायचं. बॅटरी फुगेल, पेट घेईल, खाली कापडाचं दुकान आहे, असं नाना रोज म्हणायचे. शेवटी त्यांनीच नियम केला की बारा ते चार मशीनला झोपवायचं. बंद फक्त रात्री करायचं, कारण बंद केलं की पुन्हा सगळं हाताने लावत बसावं लागायचं, ते रोज सकाळी एकदाच पुरे. नुसतं झोपवायचं, वीज गेली तरी तसंच. ललितभाऊ म्हणाले, “सगळं जळगाव दुपारी झोपतं, मग मशीननेच काय पाप केलंय?” कुठल्या मोठ्या शहरात कोणी असं करत नसेल. आम्ही करायचो, आणि वर कौतुकाने सांगायचो.

त्या दिवशी बुधवार होता. सकाळी नऊलाच वीज गेली, म्हणून मशीनला तेव्हाच झोपवलं. साडेदहाला वीज आली, मशीन जागं केलं आणि नाना वही घेऊन सकाळचे राहिलेले आकडे उतरवायला बसले. मी चहा पीत होते. पेनाची करकर थांबली, म्हणून मी वर पाहिलं. नानांनी चार आकडे लिहिले होते, नीट, मास्तरी अक्षरात. चारही एकच होते.

“चुकून तोच उतरवला असेल,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मागितला. तोच. पुन्हा. तोच. दर वेळी चिप म्हणत होती, हो, मिळाला. मशीन बंद करून सुरू केलं तर आकडे पुन्हा वेगवेगळे यायला लागले. झोपवून उठवलं की परत एकच. झोपेतून उठलेली चिप एकच आकडा धरून बसत होती आणि वर शपथेवर हो म्हणत होती.

नानांनी वही मिटली. “ताई,” ते म्हणाले, “काल दुपारी चारनंतर तू काय केलंस?”

काल चारनंतर मी दोन फायली केल्या होत्या, एकीला लागून एक. पहिली, अक्कांनी दुसऱ्या गावी खोली करून दिलेल्या सुनंदाच्या नवऱ्याची. तो चोपड्याचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. तो सुनंदाला काय करायचा ते मी लिहीत नाही, अक्कांनी तिचे फोटो दाखवले होते, तेवढे मला पुरले. पण मुलीला भेटायच्या तारखा बघायचा हक्क त्याला कोर्टाने दिला होता, म्हणून त्याला त्याची एक फाइल आणि लिंक द्यावी लागली. ती एक्केचाळीस नंबर. दुसरी फाइल सुनंदाची. तीत तिची मुक्ताईनगरची खोली, मुलीची शाळा, सगळं. ती बेचाळीस नंबर. दोन्हींना जोडलेला आकडा आता एकच होता. त्याच्या हातातल्या लिंकमध्ये ४१ च्या जागी ४२ केलं की बायकोचं घर उघडत होतं.

मी आधी सगळ्या लिंका बंद केल्या. मग कोणी काय उघडलं त्याची नोंद बघितली. काल संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटांनी एक्केचाळीस उघडली होती. सात वाजून दहा मिनिटांनी त्याच फोनवरून बेचाळीस.

सुनंदाचा फोन बंद. अक्कांना धुळ्याला फोन लावला. त्या म्हणाल्या, “मी जीप काढते, पण मला तीन तास लागतील. तुम्ही जवळ आहात, निघा. तिला विचारल्याशिवाय पत्ता कोणाला सांगायचा नाही हा माझा नियम आहे. ती हो म्हणाली की मला फोन करा, मी लगेच पोलिसांना कळवते.”

ललितभाऊ गाडी घेऊन सुरतेला गेलेले. राहिली माझी स्कूटी. नाना कधीच दुचाकीवर बसत नसत. त्या दिवशी मी किल्ली उचलली तेव्हा ते आधीच खाली जाऊन स्कूटीपाशी उभे होते. हायवेला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि नानांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. भुसावळ मागे पडलं, वरणगाव सोडलं, तरी पकड सैल झाली नाही. मला वाटलं वाहनाला घाबरलेत. उतरल्यावर पाहिलं तर माणूस रडत आला होता.

सुनंदा घरीच होती. वीज नव्हती म्हणून फोन चार्ज झाला नव्हता, एवढंच कारण. सकाळची शाळा करून मुलगी आलेली, पाच-सहा वर्षांची, नवा गणवेश काढून तारेवर घालत होती. नानांनी उंबऱ्यातच सांगितलं. काही गाळलं नाही. यंत्राची चूक झाली असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, माझ्या कामात खोट राहिली, तुझा पत्ता त्याला मिळालाय, तुला आत्ता निघावं लागेल.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिने आधी मुलीला आत ओढलं, दार लावलं, मग खाली बसली. “तिसरी खोली शे ही,” म्हणाली. मग नानांकडे बघून विचारलं, “तुमले आधी भेव काबरं नही लागनं, आबा?”

“लागनं व्हतं, माय,” नाना म्हणाले. “लोके हसनात. मंग मी गप बसनू.”

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पोलिसांना कळवू का, विचारल्यावर ती हो म्हणाली. मी अक्कांना फोन केला. सुनंदा पिशवी भरायला लागली आणि आम्ही मोटरसायकलचे आवाज ऐकत बसलो. दर वेळी वाटायचं हीच, आणि ती पुढे निघून जायची. मग एक थांबली.

दारावर टकटक झाली. अगदी सभ्य. “सुनंदा, मीच. एकटा आलोय. नुसतं बोलायचंय.”

मी आयुष्यात तोंडाने कोणाला हार गेले नाही, पण त्या वेळी मी सुनंदाच्या मागे सरकले. सुनंदाने मुलीच्या तोंडावर हात ठेवला. नाना उठले. मला वाटलं, मागच्या मोरीकडे जातायत. ते दाराकडे गेले आणि दाराला पाठ लावून खाली बसले, पाय समोरच्या भिंतीला टेकवून. खोली तेवढीच होती. ते इतके थरथरत होते की दाराची कडी खुळखुळत होती. तो आवाज बाहेरही जात असणार.

“आत कोण आहे?” बाहेरून प्रश्न आला. आवाज आता सभ्य नव्हता. दारावर लाथ बसली. नाना लाथेसरशी पुढे हेलकावले आणि पुन्हा मागे टेकले. दुसरी लाथ. मग तो मुलीला हाक मारायला लागला, खेळण्याचं आमिष दाखवायला लागला, मध्येच सुनंदाला शिव्या. हे किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मध्येच नाना बोलले, मोठ्याने नाही, साध्या आवाजात, दाराशीच बोलल्यासारखे. “भाऊ, पोलीस येऊन राहिलेत. माले भेव लागस. तुमलेबी लागाले पाहिजे.”

बाहेर सगळं शांत झालं. ती शांतता मला लाथांपेक्षा वाईट वाटली. मग गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला, दोन-तीन पुरुषी आवाज, आणि त्याला गाडीत बसवून पोलिसांनी दार उघडायला सांगितलं. नानांना उठता येईना. त्यांना बाजूला सरकवून दार उघडावं लागलं.

अडीचच्या सुमाराला अक्कांची जीप आली. तारेवरचा गणवेश मुलीने स्वतः काढून पिशवीत कोंबला. आता कुठे नेणार, असं माझ्या तोंडून सवयीने निघालं. अक्का म्हणाल्या, “यापुढे ते तुम्हालाही कळणार नाही.” मला राग यायला हवा होता. नानांनी हात जोडले आणि म्हणाले, “सांगूच नका.”

दुसऱ्या दिवशी नाना पाठीला मलम लावून ऑफिसात आले आणि परदेशात पत्र लिहिलं. मला लिहू दिलं नाही, मोडक्या इंग्रजीत स्वतःच लिहिलं. मी नंतर वाचलं. चिप कोणती, झोपेतून उठल्यावर काय होतं, सगळं तपशिलाने होतं. एका बाईला राहतं घर सोडावं लागलं, हेही होतं. आणि शेवटी, ‘या चार ओळी मी भीतीने घातल्या होत्या आणि लाजेने काढल्या. मला अजून भीती वाटते. कृपा करून त्या परत घ्याव्या.’ चार दिवसांत दोन-तीन देशांतून उत्तरं आली की तसल्या चिपवर आमच्याकडेही हेच घडतंय. ओळी परत घेतल्या गेल्या. ज्याने हसणारा चेहरा काढला होता त्याने माफी मागितली. नानांनी ती माफी उभ्याने वाचली. मी मात्र माफी मागायला फार दिवस लावले. मागितली तेव्हा ते म्हणाले, “बटण तू दाबलंस, ताई, पण हात मी वर धरला होता. मला दाबायचं नव्हतं तर मी तुझा हात धरायचा होता.”

नंतर त्यांचं मन जळगावात लागलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी सांगितलं की गावी जातो. ललितभाऊ रडले, गोकुळने चहाचे पैसे घेतले नाहीत.

मी त्यांना बसवर सोडायला गेले होते. भर दुपारची वेळ, स्टँडवर तुफान गर्दी. शिंदखेड्याकडची गाडी लागायची होती. नाना पिशव्या पायांत धरून उभे होते आणि मला सांगत होते की पंख्याची वायर बदलून घ्या. बोलता बोलता ते थांबले. पलीकडे एका गाडीतून एक बाई उतरत होती, डोक्यावर पदर, हाताला धरलेली पाच-सहा वर्षांची मुलगी.

मी काही म्हणायच्या आत नाना वळले. जवळच्या खांबाकडे तोंड केलं, कपाळ त्याला टेकवलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. सगळा स्टँड बघत होता. पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला खांब, आणि त्याला चिकटून पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा माणूस, लहान मुलासारखा डोळे झाकून.

त्या दोघी आमच्यापासून हातभर अंतरावरून गेल्या, दुसऱ्या एका गाडीपाशी थांबल्या, चढल्या. गाडीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात होतं. ती निघेपर्यंत नाना हलले नाहीत.

“गयात का?” त्यांनी विचारलं.

“गेल्या, नाना.”

“कोणीकडे ते माले सांगू नको.”

मी सांगितलं नाही. इथेही सांगत नाही.